सरपणातून लाटणं: सोयगावात लाकूड कातणाऱ्यांचा गट उभा करताना

पावसाळ्याच्या तोंडावर सोयगाव तालुक्यात कुठंही जा, जरंडीला, बनोटीला किंवा फर्दापूरला, घरामागे सरपणाची रास रचलेली दिसते. खाली पऱ्हाटी, तिच्यावर बाभळीची ओंडकी आणि बोरीच्या फांद्या, मध्येच एखाद्या वठलेल्या मोसंबीचा किंवा लिंबाचा बुंधा. ज्याला लेथवर लाकूड कातता येतं, त्याच्या दृष्टीनं या राशीत वर्षभराचं काम पडलेलं असतं. म्हणून गावात कातकामाचा गट काढायचं मनात असेल तर पहिली फेरी यंत्राच्या दुकानात मारू नका, सरपणाच्या राशीपाशी मारा. कोणतं लाकूड आहे, किती जाड, किती वाळलेलं, गाभ्यातून किती चिरलेलं, हे सगळ्यांनी मिळून एकदा पाहिलं की पुढची निम्मी चर्चा आपोआप मिटते.

आपल्याकडे हे काम घराण्यात चालायचं. बाप चामड्याच्या पट्ट्यानं किंवा दोरीनं लाकूड फिरवायचा आणि मुलगा पटाशी धरायचा. हात बसला की जागा बदलायच्या. लाकूड एकदा पुढं आणि एकदा मागं फिरायचं, त्यामुळं हत्यार एकाच दिशेला लागायचं. गावच्या सुताराकडे बैलगाडीच्या चाकाचं काम असायचं, तेही बहुतेक बाभळीत. गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. लाटणी शहरातून येऊ लागली, भोवरे प्लास्टिकचे झाले. आता घराण्याच्या जागी काही उभं करायचं असेल तर तो गटच असू शकतो, कारण एकट्या माणसाला लेथ परवडत नाही आणि परवडला तरी त्याचा हात कोणी सुधारत नाही.

अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९८६ साली स्थापन झाली. आज तिच्याशी जोडलेले स्थानिक गट तीनशेहून अधिक आहेत. त्यांच्या यंत्रांचा हेवा करायचं कारण नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांच्या मासिक बैठकीची पद्धत. एक जण सगळ्यांसमोर लेथवर काहीतरी करून दाखवतो. बाजूला एका टेबलावर सभासद महिनाभरातलं आपापलं काम मांडतात, बिघडलेलंसुद्धा, आणि लाकूड कोणतं, कुठं अडलो, कशानं पॉलिश केलं ते सांगतात. सोयगावात हे करायला सभागृह लागत नाही. मोकळी शेड, एक सतरंजी आणि चांगला दिवा पुरतो.

गटात कोण असावं? हौशी माणसं हवीतच, पण चौघांशिवाय गाडी अडते. धार लावता येणारा एक सुतार, मोटर वाइंडिंग करणारा एक, वेल्डिंगचं दुकान असणारा एक आणि शाळेत कार्यानुभव शिकवलेले एखादे निवृत्त गुरुजी. गुरुजी यासाठी की सुताराला काम येतं, पण ते सांगायला बसला की तो दोन वाक्यांत गप्प होतो. आयटीआयची मुलं आली तर सोन्याहून पिवळं. टर्नरच्या ट्रेडमध्ये ती लोखंड कातायला शिकतात, तिथलं मोजमापाचं वळण इथं कामाला येतं. फक्त लाकूड लोखंडासारखं सगळीकडून सारखं नसतं, ते त्यांना पहिल्या तासातच कळतं.

लाकडाच्या बाबतीत कायदा आधी बघा. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा विनियमन अधिनियम आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन, हळदू, तिवस, चंदन ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी अशा झाडाला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. बाभूळ, बोर, सुबाभूळ, कडुनिंब हे त्या यादीत नाहीत. तरी लाकूड गाडीत घालून दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वन विभागाच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. झाड शहराच्या हद्दीत असेल तर आधी नगरपंचायत. आणि अजिंठ्याच्या डोंगरातलं लाकूड, वाळून पडलेलं असलं तरी, आपलं नाही. गटाच्या शेडमध्ये कोणी सागाचा ओंडका ‘असाच मिळाला’ म्हणून आणला तर तो त्याच पावली परत पाठवा. एका ओंडक्यासाठी सगळ्या गटानं चौकशीला तोंड द्यावं, इतकं त्याचं मोल नाही.

तसाही साग नवशिक्याच्या कामाचा नाही. टिकाऊपणात त्याला तोड नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या मूळ लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. पण सागाच्या अंगात वाळूसारखा कण असतो आणि तो पटाशीची धार खातो. नवख्या माणसाला धार गेलेली कळत नाही, तो जोर वाढवतो आणि मग पटाशी अडकून लाकूड उडतं. शिकायला बाभूळ आणि बोर उत्तम. बाभूळ अर्धवट ओली असताना सहज कापली जाते, वाळली की दगड होते. तेव्हा खडबडीत गोलाई ओल्यात काढून ठेवावी. बोरीचा तांबूस गर पॉलिशला सुरेख उठतो. मोसंबी आणि लिंबू फार लोक सरपण म्हणूनच बघतात, पण त्यांचं पिवळसर, घट्ट, बारीक रेषेचं लाकूड भोवऱ्याला आणि छोट्या डब्यांना फार छान. मराठवाड्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या आणि ते लाकूड चुलीत गेलं. आजही म्हातारी बाग काढणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. निलगिरी मात्र टाळा, वाळताना ती पीळ खाते आणि तडकते.

काही लाकडं शेडमध्ये येऊच द्यायची नाहीत. बिब्बा उततो हे इकडं पोराटोरांनाही माहीत आहे, पण साल काढलेला तुकडा ओळखू येत नाही, म्हणून अनोळखी लाकूड लेथवर चढवायचं नाही हा नियमच करा. कण्हेर विषारी, तिची खेळणी नकोत आणि भांडी तर मुळीच नकोत. शेराच्या चिकानं डोळे जातात. शिसवाचा भुसा काहींच्या अंगावर पुरळ आणतो. ज्याला त्रास होतो त्यानं ते काम दुसऱ्याकडे द्यावं.

आता यंत्र. तयार छोटा लेथ विकत मिळतो. पैसे जमले असतील तर घ्या, पण वेल्डिंगवाला आणि वाइंडिंगवाला गटात असतील तर पहिला लेथ गावातच बनू शकतो. अर्धा किंवा एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आपल्याकडे साधारण १४४० फेऱ्यांची असते. मोटरवर ५, ४ आणि ३ इंचांची पायऱ्यांची पुली आणि स्पिंडलवर तशीच उलटी बसवली तर पट्टा सरकवून सुमारे २४००, १४४० आणि ८६४ असे तीन वेग मिळतात. इतक्यात लाटण्यापासून ८ इंची थाळीपर्यंत सगळं होतं. हिशोब असा: लाकडाचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान असावं. ८ इंची लाकडाला ७५० ते ११२५ फेऱ्या येतात, म्हणजे आपला सगळ्यात कमी वेग बरोबर बसला. याहून मोठं लाकूड या यंत्रावर नको, आणि ८ इंची तुकडासुद्धा कोपरे करवतीनं उडवून, जमेल तितका गोल करूनच चढवा. बारीक लाटण्याला हा हिशोब यापेक्षा जास्त वेग सांगेल, पण शिकताना २४०० भरपूर झाले. स्पिंडलचे आटे मात्र वेल्डिंगवाल्याच्या मर्जीवर सोडू नका. १ इंचाला ८ आटे किंवा ३३ मिलिमीटरला ३.५ ची पिच, असं बाजारातलं माप करून घ्या. नाहीतर उद्या लाकूड पकडणारा चक घेतला तर तो बसणार नाही. स्विच हात पोचेल तिथं, पट्ट्यावर झाकण आणि अर्थिंग केलेलं. यात काटकसर करू नका.

लेथपेक्षा लोक धारेला कमी पैसे देतात, तिथंच सगळं बिघडतं. हायस्पीड स्टीलच्या चार पटाश्या पुरतात: खडबडीत गोल करायची रुंद नळीची, नक्षीची बारीक नळीची, तिरप्या धारेची सपाट आणि तुकडा तोडायची अरुंद. थाळी-वाट्या करायची जाड नळीची पटाशी पुढं घ्या. रुंद नळीची पटाशी लाटण्यासारख्या उभ्या रेषेच्या लाकडासाठीच आहे. वाटीवर लावली तर ती मुठीपाशी मोडते आणि तो तुकडा अंगावर येतो. हे वाक्य रंगवून भिंतीवर लावा. धार लावायला ग्राइंडर गटाचा एकच असावा, त्याला कोन पकडणारा साधा लाकडी आधार असावा आणि प्रत्येकानं काम सुरू करण्यापूर्वी धार लावलीच पाहिजे. पटाशीच्या धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर टेकवायचा आणि मग मूठ हळूहळू उचलायची. लांब सलग कातरण निघू लागली की समजा जमलं. पिठासारखा भुसा निघत असेल तर थांबा, धार गेली आहे.

अंगावरच्या कपड्यांबद्दल घरच्या घरी बोलून घ्या, कारण इथं संकोच होतो आणि अपघातही इथंच होतो. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, उपरणं खुंटीला, बाह्या कोपराच्या वर, मोकळे केस बांधलेले, हातात बांगड्या किंवा गंडा नाही. हातमोजे घालून लेथवर काम करायचं नाही. मोजा अडकला तर हात ओढला जातो. तोंडभर झाकणारी पारदर्शक ढाल आणि भुशासाठी मास्क हवा. लेथ सुरू करण्याआधी लाकूड हातानं एक फेरा फिरवून कुठं घासत नाही ना ते बघायचं आणि स्विच दाबताना त्याच्या रेषेत न उभं राहता बाजूला व्हायचं.

पहिली वस्तू म्हणून मी लाटणंच सुचवेन. हौशी मंडळींना लगेच वाटी करायची असते, फुलदाणी करायची असते. पण लाटण्याचे परीक्षक घरात असतात आणि ते भीड ठेवत नाहीत. बाभळीचं ओंडकं घ्या, करवतीनं न चिरता कुऱ्हाडीनं उभं फाडा. फाडलं की तुकडा लाकडाच्या रेषेबरोबर सुटतो आणि असं लाटणं पुढं वाकत नाही. मधला गाभा काढून टाका. तडे तिथूनच सुरू होतात. फाळकी सावलीत, आडवी-उभी रचून, मध्ये हवा खेळेल अशी काही महिने ठेवा. मग १४ इंचांचा तुकडा दोन टोकांना कर्ण आखून मध्य काढा आणि चढवा. गोल झाला की दर दोन इंचांवर कॅलिपरनं माप घ्या. पोळीचं लाटणं सव्वा इंच जाड आणि १२-१३ इंच लांब ठीक. काहींना मध्ये जरासा फुगवटा लागतो, काहींना सरळ. ज्यांच्या हातात जायचं त्यांनाच विचारा. पापडाचं लाटणं वेगळं. ते बारीक, टोकांना निमुळतं असतं आणि त्याला सारख्या अंतराच्या रेघा असल्या तर पापड लवकर पसरतो. उन्हाळी कामाच्या आधी, माघ-फाल्गुनात ही लाटणी तयार असतील तर गटाला गिऱ्हाईक शोधायला जावं लागणार नाही. घासताना पटाशी टेकवायचा टूल रेस्ट काढून ठेवा. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून १८०, २४०, ३२० असं चढत जा, पायरी गाळू नका. १२० च्या रेघा तेल लावल्यावर उठून दिसतात.

महिन्याच्या बैठकीत सगळ्यांची लाटणी एकाच फरशीवर सोडा. सरळ असेल ते गुपचूप घरंगळत जाईल, वाकडं असेल ते उड्या मारेल. मग दोन बायकांना पोळ्या लाटायला बसवा आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. सगळ्यांनी एकच वस्तू केली की चूक कोणाच्या हाताची, कोणाच्या धारेची आणि कोणाच्या लाकडाची, हे शेजारी शेजारी ठेवून कळतं. दुसऱ्या महिन्यात खुरप्याच्या आणि विळ्याच्या मुठी, तिसऱ्यात भोवरा, पोळ्याच्या आधी लाकडी बैलांची चाकं, मग पाळण्यावर टांगायची खेळणी. चाकं म्हणजे उत्तम परीक्षा, कारण चार चाकं एका मापाची हवीत.

वाट्या-थाळ्यांकडं वळाल तेव्हा आपला उन्हाळा आडवा येतो. परदेशी पुस्तकांत इंचाला एक वर्ष वाळवा असं लिहिलेलं असतं. तो हिशोब आपल्याकडे तसाच चालत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ओलं लाकूड बाहेरून भराभर वाळतं, आतून ओलंच राहतं आणि चिरतं. म्हणून ओल्या लाकडाची वाटी आधी जाडच काता, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाडी ठेवून; ५ इंची वाटीला अर्धा इंच. मग ती तिच्याच ओल्या कातरणीत पोत्यात घालून घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांना मेणबत्तीचं मेण किंवा फेविकॉल फासा. दर आठवड्याला वजन करून तारीख टाका. वजन उतरायचं थांबलं की वाटी पुन्हा चढवायची. तोवर ती थोडी लंबगोल झालेली असेल, त्यासाठीच ती जाडी ठेवलेली असते.

खाण्यापिण्याच्या वस्तूंना कोणतं तेल? शेंगदाण्याचं आणि तिळाचं नको, ते वाळत नाही आणि खवट होतं. जवसाचं तेल आपल्याकडचंच आहे. पातळ हात देऊन, जास्तीचं पुसून, दोन-तीन आठवडे हवेवर ठेवलं की ते लाकडात घट्ट बसतं. दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल मात्र ताटा-वाटीला वापरू नका, त्यात वाळवणारी रसायनं घालतात. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकली तर ती आपोआप तापून पेट घेते. सोयगावच्या उन्हात आणि भुशाच्या शेडमध्ये हा धोका थट्टेचा नाही. चिंधी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. चमक हवी असेल तर मधमाशांचं मेण.

खेळण्यांना रंग द्यायचा तर तो लाखेचा. त्यासाठी एकदा सावंतवाडीला जाऊन या. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं, भातुकली, पाट, पाळण्याची खेळणी यांची दुकानं ओळीनं आहेत. राजवाड्यात गंजिफा आणि लाखकाम करणारे कारागीर काम करताना बघता येतात. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी विझत चाललेली ती कला पुन्हा उभी केली. कर्नाटकातलं चन्नपट्टण आणि आंध्रातलं एटिकोप्पाका यांचं लाखकाम ज्या पांढऱ्या, मऊ लाकडावर चालतं ते काळ्या कुड्याचं, आणि हे झाड आपल्या कोरड्या जंगलांतही वाढतं. जंगलातून आणायचं नाही हे वर सांगितलंच, पण बांधावर दहा रोपं लावायला कोणाची ना नाही. पद्धत अशी: लाकूड वेगात फिरत असताना रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पातीनं दाबून ती सारखी पसरवायची. ब्रश नाही, थिनर नाही, वास नाही. रंग हळदीचा, नीळीचा, असा पोटात गेला तरी चालेल असा निवडा, कारण खेळणं तोंडात जाणारच.

फर्दापूरला अजिंठ्याचे पर्यटक उतरतात, तेव्हा त्यांना विकायचा विचार लवकर मनात येतो. पहिलं वर्षभर तो बाजूला ठेवलात तर बरं. ज्या हातानं अजून चार चाकं सारखी निघत नाहीत त्यानं दुकान मांडू नये, आणि बाहेरून आणलेल्या हत्ती-घोड्यांच्या शेजारी आपले हत्ती-घोडे ठेवून भावात टिकता येत नाही. अजिंठ्याची नक्षी लाटण्यावर छापण्यापेक्षा मोसंबीचा पिवळा भोवरा आणि बाभळीची सुरी-मूठ जास्त बोलते. लहान मुलांची खेळणी विकायची असतील तर नियम माहीत हवेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी ती नोंदणी करा. शिसव वापरून परदेशी माणसाला वस्तू विकली तर ती सीमेपार नेताना त्याला कागद लागू शकतात. शिसवाचं सगळं कुळ २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

सरकारी मदत हवी असेल तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे दोन्ही आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि ५ टक्के व्याजानं दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. पण ती परंपरेनं हातकाम करणाऱ्यासाठी आणि कुटुंबातल्या एकासाठी आहे, गटासाठी नाही. गटाची संस्था म्हणून नोंदणी १८६० च्या कायद्याखाली होते आणि त्याला किमान सात माणसं लागतात. ती घाई करू नका. आधी अध्यक्ष ठरला की लेथपेक्षा खुर्चीवर जास्त भांडण होतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

त्याऐवजी एक वही ठेवा. पहिल्या पानावर शेडची किल्ली कोणाकडे, विजेच्या बिलासाठी महिन्याला प्रत्येकाचे किती, आणि लेथवर कोणाची पाळी कोणत्या संध्याकाळी. पुढच्या पानांवर प्रत्येक ओंडक्याची नोंद: कोणाच्या बांधावरचा, कोणतं झाड, कधी तोडला, कधी फाडला, कुठं तडकला. सोळा वर्षांखालचं पोर लेथवर असेल तर शेजारी मोठं माणूस हवंच, हेही त्याच वहीत, सगळ्यांच्या सह्यांनिशी. पहिल्या बैठकीला प्रत्येकानं हातभर लांब आणि मनगटाएवढं जाड बाभळीचं एक फाळकं आणि घरातलं जुनं लाटणं घेऊन यावं. माप त्यावरूनच घ्यायचं आहे.